ठराव क्रमांक चौदा आणि वाडीचा ट्रक

धोंडूने चावी फिरवली. सेल्फ फिरला. घुर्र, घुर्र, घुर्र, घुर्र. इंजिनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही.

"झाला?" खालून प्रेमलाने विचारलं.

"काय झाला? काय नाय झाला."

"मग आवाज कसला येतोय?"

"सेल्फचा. चालू व्हायच्या आधीचा आवाज असतो तो."

"आधीचा आवाज सकाळी सातपासून येतोय," प्रेमला म्हणाली. "आता दहा वाजले. नंतरचा कधी येणार?"

बायकोकडे पाहायचं टाळून धोंडूने आरशात पाहिलं. आरशात मागच्या तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या दिसत होत्या. काल संध्याकाळी त्या रत्नागिरीहून आणताना ट्रक वाडीच्या तोंडाशी गचके खात आला आणि विहारासमोर येऊन बंद पडला. खुर्च्या जायच्या होत्या चार किलोमीटरवर, नवरीच्या गावाला. वाडीतल्या प्रज्ञेशचं लग्न साडेबाराला होतं आणि तिथे लवकर आलेले पाहुणे, असा फोन आला होता, आत्तापासूनच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

पण धोंडूला खुर्च्यांची काळजी नव्हती. खुर्च्या रिक्षांनी नेता आल्या असत्या. हा ट्रक तिसऱ्यांदा बंद पडला होता, हे खरं दुखणं होतं.

वाडीचं मंडळ दोन ठिकाणी होतं. स्थानिक शाखा वाडीत आणि मुख्य कमिटी मुंबईत. म्हणजे वाडीत माणसं राहायची आणि मुंबईत निर्णय राहायचे. सव्वीस वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून हा ट्रक घेतला, तेव्हापासून त्याचा चालक धोंडू आणि मालक मंडळ. वाडीतल्या प्रत्येक घराचा चिरा या ट्रकातून आला होता. अर्ध्या वाडीच्या वराती याच ट्रकातून गेल्या होत्या, आणि दोन मुलं तर सिव्हिल हॉस्पिटलच्या वाटेवर याच ट्रकात जन्मली होती. गेल्या दिवाळीनंतर मात्र तो दोनदा बंद पडला आणि मुंबईने ठराव क्रमांक सतरा केला : ट्रक तिसऱ्यांदा बंद पडल्यास तो लगेच भंगारात काढावा.

ट्रक गेला की धोंडूने मुंबईजवळ दिव्याला लेकाकडे जायचं, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून आराम करायचा, असं घरात ठरलं होतं. धोंडू बासष्ट वर्षांचा होता. आराम या शब्दाने त्याला घाम फुटायचा.

"धोंडूकाका, खाली या. कमिटी जोडली गेली," धम्मदीपने हाक मारली.

धम्मदीप स्थानिक शाखेचा सचिव. काखेत प्रोसिडिंगची वही, खिशाला दोन पेनं. त्याने आपला मोबाईल ट्रकाच्या बाजूच्या आरशाला दोरीने बांधला होता. पडद्यावर अकरा चौकटी आणि त्यांत अकरा चेहरे दिसत होते. मधल्या चौकटीत अध्यक्षसाहेब, बनियनवर टाय बांधून.

"जय भीम," अध्यक्ष म्हणाले. "सभेला सुरुवात करूया. विषय पहिला आणि शेवटचा, ट्रक."

"एक मिनिट साहेब," धम्मदीप म्हणाला. "भंगारवाले रावजीशेठ पण हजर आहेत. मी रात्रीच सांगून ठेवलं होतं. वेळ वाचावा म्हणून."

धोंडूने वळून पाहिलं. विहाराच्या पायरीवर मिरजोळ्याचा रावजी बसला होता. शेजारी गॅसकटर, समोर त्याचा टेम्पो, हातात वडापाव. धोंडूला वाटलं, आपण अजून आजारीच आहोत आणि तिरडीचे बांबू आणायला माणूस गेलासुद्धा.

"रावजीशेठ," अध्यक्ष पडद्यावरून म्हणाले, "आपल्याला एक दाखला द्यायचा आहे. 'सदर ट्रक निकामी झाला असून पुन्हा चालू होणे शक्य नाही.' त्याखाली सही. मग घेऊन जा."

रावजीने वडापाव संपवला, हात पुसले, उठला. "चालू होणे शक्य नाही, असं लिहायचं?"

"नियम आहे."

"मग बघायला लागेल. मेलेली गाडी मी आनंदाने तोडतो. पण जिवंत गाडीला कटर लावत नाही. एकदा लावला होता, आठ दिवस जेवण गेलं नाही मला." तो धोंडूकडे वळला. "मारा बघू सेल्फ."

धोंडूने मारला. घुर्र, घुर्र, घुर्र.

"फिरतोय झकास," रावजी म्हणाला. "बॅटरी उत्तम."

"बॅटरीचा निर्णय झालेला आहे," अध्यक्ष म्हणाले. "आत्ताच हात वर करून मतदान घेतलं. अकरापैकी सात जणांचं मत बॅटरी खराब असल्याचं आहे."

"अहो, बॅटरी खराब असती तर सेल्फ फिरला असता का? नुसतं टक् वाजून गप्प बसला असता."

"तुमचं म्हणणं योग्य असेल. पण बहुमत झालं आहे."

बहुमतापुढे इलाज नव्हता. रावजीने आपल्याच टेम्पोची बॅटरी काढली, धोंडूने ती ट्रकाला बसवली आणि चावी फिरवली. घुर्रघुर्रघुर्रघुर्र. आता तो दुप्पट जोराने चालू होत नव्हता.

"सुधारणा आहे," अध्यक्ष म्हणाले. "लिहा, धम्मदीप. बॅटरीचा ठराव अंशतः यशस्वी."

धम्मदीपने लिहिलं. साडेदहा वाजले होते.

रावजीने बॉनेट उघडलं. बाह्या वर केल्या. आणि मग तो असा बोलायला लागला, की धोंडूला दुसरीच्या वर्गातल्या बाई आठवल्या. घाई नाही, आवाज चढवणं नाही. सव्वीस वर्षांत धोंडूला गाडी चालवायला सगळ्यांनी सांगितलं होतं. ती का चालते हे कोणी सांगितलं नव्हतं.

"हे बघा दादा. डिझेलच्या इंजिनाला जगायला दोन गोष्टी लागतात. हवा आणि डिझेल. हवा आत घ्यायची, जोरात दाबायची, दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारल्यावर कसा गरम लागतो, तशी. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की भडका. सेल्फने इंजिन फिरतंय, हवा दाबली जातेय. मग भडका का नाही?"

"फवारा नाय," धोंडू हळूच म्हणाला.

"शाब्बास. मग आपण काय बघायचं? फवारा येतोय का. हा नट ढिला करायचा आणि सेल्फ मारायचा. इथून डिझेल चिळकांडी मारून आलं पाहिजे."

त्याने सतरा नंबरचा पाना नटाला लावला.

"थांबा!" धम्मदीप ओरडला. "नट आहे तो."

"नटच आहे."

"ठरावाशिवाय या ट्रकाचा नट उघडता येत नाही."

हाही नियम होता आणि त्याला कारण होतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी वाडीतल्या हौशी मंडळींनी गिअरबॉक्स उघडून परत बसवला, तेव्हा वाटीभर नट उरले. ट्रक मात्र चालला. ते नट विहाराच्या कपाटात वाटीसकट ठेवलेले होते आणि ते कुठले, हे शोधणारी चौकशी समिती अजून कार्यरत होती.

पडद्यावर चर्चा झाली. खजिनदार वेदिकाताईंनी कल्याणहून विचारलं, नट किती ढिला करणार? रावजी म्हणाला, दीड आटा. कोपऱ्यातल्या चौकटीतल्या एकाने एक आट्याची उपसूचना मांडली. अध्यक्षांनी सव्वा आट्यावर तडजोड केली. सूचक, अनुमोदक, टाळ्या. रावजीने नट दीड आटा ढिला केला आणि कोणालाच कळलं नाही.

धोंडूने सेल्फ मारला. नटाच्या भोवती थेंबसुद्धा आला नाही.

"कोरडं ठक्क," रावजी म्हणाला. "म्हणजे पंपापर्यंत डिझेल येत नाही. आता उलटं चालायचं. घरात नळाला पाणी नसेल तर आपण काय करतो? आधी टाकीवर चढत नाही. नळ बघतो, मग पाइप, मग टाकी. तसंच."

फिल्टर बघितला, दुसऱ्या ठरावाने. स्वच्छ होता, आणि रिकामा. मग रावजीने हाताने दाबायचा छोटा पंप दाबला. तो दाबला गेला, पण वर यायला तयार होईना. कोणी आतून धरून ठेवल्यासारखा.

रावजी थांबला. त्याने परत दाबला. कान लावला.

"डिझेल आहे ना टाकीत?"

"भरलेली हाय," धोंडू म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी काठोकाठ भरली, त्यानंतर ट्रक फिरलाय किती? जवळचे चार फेरे. मागचे दोन टायम बंद पडला तेव्हा टाकी थोडी खाली होती. डिझेल घातला की लगेच चालू झाला. म्हणून वाडीत म्हणतात, याचा पोट भरलेला लागतो. आता पोट भरलेला हाय आणि तरी रुसलाय."

"दोन्ही वेळा डिझेल घातल्यावर चालू झाला?"

"लगेच."

रावजी हातातला पाना तसाच धरून टाकीकडे चालत गेला. खाली वाकला. टाकीवर टिचकी मारली, वर पोकळ आणि खाली भरीव आवाज आला. मग तो टाकीचं झाकण शोधू लागला.

झाकण दिसतच नव्हतं. त्यावर पाइप जोडायच्या पुट्टीचा लाडवाएवढा गोळा थापलेला होता. कडेने नीट लिंपलेला, वर मंडळाच्या शिक्क्याचा ठसा, आणि पुट्टी ओली असताना खिळ्याने कोरलेल्या तीन सह्या.

"हे काय आहे?"

"सील," धम्मदीप अभिमानाने म्हणाला. "ठराव क्रमांक चौदा. डिझेल चोरीला आळा."

"चोरी होत होती?"

"होत होती म्हणजे... ट्रक बाहेर जाऊन आला की डिझेल कमी व्हायचं. मुंबईच्या लक्षात आलं."

रावजीने धोंडूकडे पाहिलं. धोंडूने आभाळाकडे पाहिलं.

"आधी लाख लावत होतो," धम्मदीप पुढे म्हणाला. "ती उन्हाने वितळायची. दोन महिन्यांपूर्वी ही पुट्टी लावली. मी स्वतः. मुंगी जाणार नाही आत."

"मुंगीचं सोडा, हवा जात नाही," रावजी म्हणाला. "या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. श्वास घ्यायचं. तुमच्या लाखेने ते अर्धं बुजलं होतं, पुट्टीने पुरतं बुजलं. पंप डिझेल ओढतोय, आणि टाकी धरून बसलीय. दोघांची ओढाताण. तुम्ही डिझेल घालायला झाकण काढलंत की टाकीला श्वास मिळायचा, की ट्रक चालू. त्याला भूक लागत नव्हती, दादा. त्याचा जीव घुसमटत होता."

धोंडूने नकळत टाकीवर हात ठेवला. सव्वीस वर्षांच्या सोबत्याचं नाक कोणीतरी दाबून धरलं होतं आणि आपण रोज बाजूला उभं राहून त्याचा चेहरा पुसत होतो, असं त्याला झालं.

"हे कमिटीला पटलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "टाकी श्वास कशी घेईल? लोखंडाची आहे."

रावजी चिडला नाही. "साहेब, घरात प्लास्टिकची पाण्याची बाटली आहे? सगळ्यांनी आणा. थोडं पाणी ठेवा. आता तोंडाला घट्ट लावा, फट ठेवू नका, आणि बाटली न सोडता पाणी ओढत राहा."

अकरा चौकटींत अकरा बाटल्या आल्या. मुंबई, कल्याण, विरार, पनवेल, सगळीकडे मंडळाचे पदाधिकारी एकाच वेळी बाटल्या ओढू लागले. कचाकच आवाज झाले. वेदिकाताईंची बाटली मुडपून आत गेली. उपाध्यक्षांना ठसका लागला. अध्यक्षांनी इतक्या निष्ठेने ओढलं की बाटली त्यांच्या ओठांना चिकटून बसली, आणि "मंब्बूर" असं काहीतरी म्हणत ते चौकटीतून दिसेनासे झाले. मागून त्यांच्या मिसेसचा आवाज आला, "अहो, काय हे? परवाच दात बसवलेत ना!"

दोन मिनिटांनी ते परत आले. ओठांभोवती गोल लाल वळ उठला होता.

"मंजूर," ते म्हणाले. "सील काढा."

धोंडूने हातोडी उचलली.

"असं नाही काढता येत," धम्मदीप म्हणाला. त्याने वही उघडली. "ठरावात आहे. ज्या तीन पंचांच्या सह्या आहेत, त्या तिघांच्या समक्षच सील उघडायचं. एक मी. दुसरा प्रज्ञेश."

"नवरा?"

"नवरा. आणि तिसरी सही मैनाआजीची."

मैनाआजी तीन आठवड्यांपूर्वी गेली होती.

"आधी नवरा आणा," प्रेमला म्हणाली. "पुढचा पुढे."

प्रज्ञेशला हळद लागलेली होती. हळद लागलेल्या नवऱ्याला घराबाहेर सोडत नाहीत. त्याच्या आत्याने दारातच हात आडवे केले. "आपण हे असलं मानत नाही," प्रज्ञेश म्हणाला. "मानत नाहीच," आत्या म्हणाली, "पण सोडत पण नाही." शेवटी चार आत्या, दोन मावश्या आणि एक छत्री अशा बंदोबस्तात नवरा आला. तो पिवळा धमक होता. ट्रकाला टेकला तिथे त्याच्या पंजाचा ठसा उमटला.

"तिसऱ्या पंचाचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

मैनाआजीची सून रेणुका गर्दीत उभी होती. ती घरी गेली आणि आजीचा फोटो घेऊन आली. शोकसभेला केलेला मोठा फोटो होता, कपाळाला आठी आणि ओठ घट्ट मिटलेले. आजी जिवंतपणी सभेला अशीच बसायची.

"फोटोची हजेरी कशी लावणार?" धम्मदीप म्हणाला. "फोटो बोलत नाही."

"तुमच्या कमिटीतले सात जण मघापासून म्यूटवर आहेत," रावजी म्हणाला. "ते तरी कुठे बोलतायत? आणि तुम्हाला तेसुद्धा चौकटीतच दिसतायत ना?"

मग अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "युक्तिवाद बिनतोड आहे. लिहा. श्रीमती मैनाआजी, उपस्थित, फोटोद्वारे."

रेणुकाने फोटो टाकीसमोर धरला. "जरा खाली घे गो," प्रेमला म्हणाली, "तिला बरोबर दिसला पाहिजे." फोटो खाली झाला. धोंडूने हातोडीचे चार घाव घातले. पुट्टीचे तुकडे उडाले. रावजीने दोन्ही हातांनी झाकण धरून पिळलं.

फुस्सकन हवा आत गेली. इतक्या जोरात की रेणुकाचा पदर टाकीकडे ओढला गेला. आणि टाकीची आत दबलेली बाजू ढब्ब आवाज करून बाहेर आली. छत्रीखालच्या आत्या किंचाळल्या.

"बघा," रावजी म्हणाला. "मेलेला माणूस असा श्वास घेतो का?"

मग त्याने धोंडूचा हात छोट्या पंपावर ठेवला. "तुम्ही करा. नळी मोकळी झाली, पण तिच्यात हवेचे बुडबुडे आहेत. आधी ते काढायचे. दाबा." धोंडू दाबू लागला. आता पंप आपोआप वर येत होता. रावजीने सैल केलेल्या फिल्टरच्या स्क्रूमधून आधी फेस आला, सोड्यासारखा. मग मोठे बुडबुडे, मग छोटे, मग फेस गेला आणि स्वच्छ डिझेलची धार लागली. तो स्क्रू आणि वरचा दीड आट्याचा नट रावजीने आवळला. ठराव कोणी मागितला नाही. धोंडू वर चढला. सव्वाअकरा वाजले होते.

चावी. घुर्र, घुर्र, आणि मग भडाम. काळ्या धुराचा एक ढग नवऱ्यावर आला, आणि इंजिन धडधडायला लागलं. लोक ओरडले. प्रेमला काहीतरी म्हणत होती, ते त्या आवाजात ऐकू येत नव्हतं, आणि धोंडूला ते फार बरं वाटलं.

पण पडद्यावर अध्यक्ष हात वर करून उभे होते.

"अभिनंदन. पण कमिटीपुढे पेच आहे. ट्रक काल बंद पडला, हे तिसऱ्यांदा झालं, हे खरंच. ठराव सतरा लागू होतो. चालू झाला, पण आता परत बंद पडणार नाही कशावरून?"

धोंडूला वाटलं, आत्ताच्या आत्ता गिअर टाकावा आणि निघावं. गोव्यापर्यंत.

रावजी दाराशी आला. "बरोबर बोलतायत ते, दादा. एकदा चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं, असं नाही. आपल्यालाही कळलं पाहिजे. बंद करा आणि परत चालू करा."

"बंद करू?"

"करा."

"आणि नाय झाला तर?"

"तर मी सही करेन," रावजी म्हणाला. "खोटं नाही सांगत. पण तुम्हाला आता माहीत आहे ना तो का बंद पडला होता?"

धोंडूने मनात उजळणी केली. हवा. डिझेल. नळ, पाइप, टाकी. टाकीला श्वास. झाकण उघडं आहे. बुडबुडे गेले. सगळ्या पायऱ्या जागेवर होत्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, ट्रक चालू होईल अशी आशा करायची गरज त्याला वाटली नाही. त्याला ते ठाऊक होतं. तरी त्याचा हात इंजिन बंद करायला ओढायच्या बटणापर्यंत जायला बराच वेळ लागला.

त्याने बटण ओढलं. इंजिन थांबलं. वाडीत इतकी शांतता झाली की मोबाईलमधून कल्याणच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

धोंडूने दहा मोजले. चावी फिरवली. एकच घुर्र झालं आणि ट्रक चालू झाला.

"दाखला देत नाही," रावजी पडद्याकडे बघून म्हणाला. "भंगारात काढायचाच असेल तर चौदा नंबरचा ठराव काढा. तो मात्र पूर्ण निकामी आहे."

पडद्यावर हात वर होऊ लागले. एक, तीन, सहा, अकरा. "ठराव चौदा रद्द," अध्यक्ष ओरडले. "आणि सतरा... ट्रक बंद पडला नव्हता, तो आपणच पाडला होता, अशी नोंद करा!" धम्मदीप लिहू लागला, दुसरं पेन शोधू लागला, "सूचक कोण? अनुमोदक?" असं विचारत ट्रकाबरोबर चालू लागला, कारण ट्रक निघाला होता आणि त्याचा मोबाईल अजून आरशाला बांधलेला होता. रावजी शेजारी बसला होता, कारण त्याची बॅटरी अजून धोंडूच्या ट्रकात होती. टाकीच्या तोंडावर प्रेमलाने आपला रुमाल बांधला होता, त्यातून हवा जात होती.

नवरीच्या गावात पोहोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. मांडवात दीडशे माणसं उभी होती. पोरं खुर्च्या उतरवायला धावली.

"जरा थांबा रे," धोंडू म्हणाला.

त्याने ट्रक बंद केला. चालू केला. बंद केला. परत चालू केला.

"दादा, लग्न!" रावजी म्हणाला.

"एकदाच," धोंडू म्हणाला, आणि त्याने पुन्हा बटण ओढलं.